मेंढा तोप आणि मामांची दुनळी

परवा नातवाला घेऊन दौलताबादला गेलो होतो. चिनी महालाजवळच्या बुरुजावरची औरंगजेबाच्या काळातली मेंढा तोप त्याला फार आवडली. मागे मेंढ्याचं शिर, पण दारू आणि गोळा भरायचा तो पुढच्या तोंडातूनच! आत ठिणगी राहिली असली तर भरणाऱ्याचा जीवच जायचा.

मला मामांची दुनळी आठवली. कळ सारली की बिजागरीवर नळ्या खाली झुकत आणि मागून काडतुसं घालता येत. पॅरिसच्या लेफोशेने १८३०च्या दशकात ही रीत रूढ केली. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली यांनी नळ्या झुकतानाच आतले घोडे चढतील अशी सोय केली. (काय डोकं!)

मामा बांध ओलांडताना बंदूक उघडीच धरत. दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला, की मगच आम्हा पोरांना जवळ येऊ देत.