अपोहन, स्नायुक्षय आणि आकड्यांचा अर्थ : कडाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाची प्रकृती आपल्याकडे बहुधा रक्तातील क्रिएटिनीनच्या आकड्यावरून जोखली जाते. अपोहन (डायलिसिस) सुरू झाल्यावर हाच आकडा स्नायूंची झीज कशी झाकतो, याचा इतिहासाच्या आधारे मागोवा घेणे आणि कर्जत तालुक्यातील कडावसारख्या भातपट्ट्यातील गावाला त्यातून काय शिकता येईल ते पाहणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्यांची मूत्रपिंडे बंद पडतात, हे बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये नोंदविले. १९४३ मध्ये नेदरलँड्समधील काम्पेन येथे कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड रुग्णासाठी वापरले. १९६० मध्ये सिएटल येथे स्क्रिबनर यांच्या शंटमुळे दीर्घकालीन अपोहन शक्य झाले. रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले आणि उलट संबंधही स्पष्ट झाला : मूत्रपिंडे गेली की स्नायू झिजतात.

स्नायुविकारांच्या निदानात क्रिएटिन कायनेज या विकराचे महत्त्व एबाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखविले. परंतु स्नायुतंतूच्या आवरणाला इजा झाली, तरच हे विकर रक्तात मोठ्या प्रमाणात उतरते. अपोहनावरील रुग्णात रक्ताची आम्लता, दाह व अपुरा आहार यांमुळे प्रथिनांचे विघटन तंतूच्या आतच होते. त्यामुळे विकराची पातळी सामान्य असूनही दंड व मांड्या सुकू शकतात. क्रिएटिनीनही स्नायूंतूनच निर्माण होत असल्याने तेही घटते. अशा रुग्णांत कमी क्रिएटिनीन असणाऱ्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो, हे लॉरी व ल्यू यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील पाहणीतून दाखविले.

२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यातील ८ जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. अशा योजनांमुळे अपोहन सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आले. मात्र यंत्र रक्त शुद्ध करते, स्नायू भरून देत नाही. उलट प्रत्येक वेळी काही ग्रॅम अमिनो आम्ले वाहून जातात. ५० किलो वजनाच्या रुग्णाला रोज ५० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात. १०० ग्रॅम तांदळात ती जेमतेम ७ ग्रॅम असतात. अपोहनापूर्वीचे डाळ, अंडी, मासळीचे पथ्य घरात तसेच चालू राहिले, तर ते घातक ठरते.

सारांश, क्रिएटिनीन उतरले म्हणून समाधान मानण्यापूर्वी रुग्णाच्या दंडाचा घेर व मुठीची ताकद मोजावी, ताटात काय पडते ते विचारावे आणि वैद्यकीय सल्ल्याने पथ्य नव्याने ठरवावे.