पुरुषस्तनवृद्धी आणि मोठी वजनघट

पुरुषाच्या स्तनाग्रामागची स्तनग्रंथी वाढणे म्हणजे पुरुषस्तनवृद्धी. डॉक्टर तिला गायनेकोमास्टिया म्हणतात. ग्रंथी न वाढता नुसती चरबी साचून छाती भरलेली दिसत असेल, तर ती आभासी स्तनवृद्धी होय. लठ्ठ पुरुषांत दोन्ही प्रकार आढळतात आणि पुष्कळदा एकाच छातीत मिसळलेले असतात. 30-40 किलो वजन उतरवलेल्या माणसाला मात्र या वर्गवारीपेक्षा एकच प्रश्न छळतो : पोट गेले, गाल बसले, मग छाती का जात नाही? काहींना तर ती पूर्वीपेक्षा मोठी झाल्यासारखी वाटते.

तसे वाटण्याला कारण असते. पोट पुढे होते तोवर छाती त्याच्यावर टेकून झाकली जात होती. पोट ओसरले की बाजूने पाहताना तीच आधी नजरेत भरते. शिवाय वर्षानुवर्षे ताणलेल्या कातडीतील लवचीक तंतू दुबळे झालेले असतात. आतली चरबी गेली तरी कातडी तेवढी आक्रसत नाही, लोंबते. स्तनाग्र खाली सरकते, छातीच्या तळाशी घडी पडते आणि काखेकडे वळी राहते. वय जास्त असेल, धूम्रपान असेल किंवा लठ्ठपणा लहानपणापासूनचा असेल, तर हे अधिक ठळक दिसते. ग्रंथी तर चरबीसारखी वापरली जात नाही. भोवतालची चरबी कमी झाल्यावर ती हाताला प्रथमच लागते आणि माणूस नवी गाठ आली म्हणून घाबरतो.

संप्रेरकांचा ओघ खरे तर याच्या उलट असतो. चरबीच्या पेशींत ॲरोमाटेज नावाचे एन्झाइम असते आणि ते पुरुषी संप्रेरकांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. चरबी घटली की हे रूपांतर कमी होते आणि लठ्ठपणामुळे खाली गेलेले टेस्टोस्टेरॉन बहुधा वर येते. त्यामुळे वजन उतरत असताना ग्रंथी खरोखर वाढू लागली, तर दुसरे कारण शोधावे. हृदयविकार किंवा जलोदरासाठी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन, प्रोस्टेट व केसगळतीसाठीचे फिनास्टेराइड, बुरशीवरील किटोकोनॅझोल, तसेच जिममध्ये हातोहात मिळणारी ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स ही नेहमीची कारणे. यकृताचे व मूत्रपिंडाचे जुनाट आजार, थायरॉइडचा अतिरेक आणि वृषणातील गाठ यांतही ती वाढते. उपासमारीनंतर पुरेसे अन्न मिळू लागल्यावर होणारी स्तनवृद्धी हा वेगळाच प्रकार : दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांत, अंगावर मांस चढू लागले तेव्हा ती दिसली. उपासात मंदावलेली वृषणे पुन्हा काम करू लागताना वयात येतानासारखाच संप्रेरकांचा तोल ढळतो. अघोरी उपास करून पुन्हा भराभर वजन वाढवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

छातीवरची चरबी किती उरली, हे सांगायला वजनकाटा फारसा उपयोगी पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आकडा ‘नॉर्मल’ झाला म्हणजे छातीवरची चरबीही गेली, असे भारतीय पुरुषाने म्हणूनच गृहीत धरू नये.

निदान मुख्यतः हाताने होते. रुग्णाला उताणे झोपवून हात डोक्यामागे घ्यायला सांगतात. डॉक्टर अंगठा आणि तर्जनी स्तनाच्या दोन्ही बाजूंना ठेवून हळूहळू स्तनाग्राकडे आणतात. ग्रंथी वाढलेली असेल तर स्तनाग्राच्या नेमकी खाली रबराच्या चकतीसारखी, किंचित दुखणारी, हलणारी कड बोटांना अडते. नुसती चरबी असेल तर बोटे न अडता स्तनाग्रापर्यंत येऊन भिडतात. शंका असल्यास सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करतात. वृषणांची तपासणी आणि चालू औषधांची चौकशी टाळता कामा नये. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी पुरुषांतले एक टक्क्याहूनही कमी असतात; तरी गाठ एकाच बाजूला, स्तनाग्रापासून बाजूला सरकलेली, टणक व चिकटलेली असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल किंवा ते आत ओढले गेले असेल, तर एक दिवसही थांबू नये.

लाजेमुळे होणारे नुकसान कातडीच्या लोंबण्याहून मोठे असते, हे आवर्जून सांगायला हवे. पोहायला जाणे बंद होते, पूजेला सोवळ्यात उघड्या अंगाने बसणे नकोसे वाटते, मे महिन्यातही शर्टाखाली घट्ट बनियन चढतो. घडीत घाम साचून बुरशीचा चट्टा उठतो. तिथे अंग कोरडे ठेवणे आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवणे हाच उपाय, दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडचे मलम नव्हे. छातीच्या व्यायामाने खालचा स्नायू भरतो आणि ठेवण सुधारते, पण ग्रंथी किंवा सैल कातडी त्याने जात नाही. नव्या, दुखऱ्या ग्रंथीवर डॉक्टर कधी टॅमॉक्सिफेन देतात; वर्षभराहून जुन्या ग्रंथीत तंतू धरलेले असल्याने औषध सहसा लागू पडत नाही.

शस्त्रक्रियेची घाई करू नये. वजन काही महिने एका जागी टिकल्यावरच प्लास्टिक सर्जन ती करतात. बॅरिएट्रिक ऑपरेशननंतर हा काळ साधारण वर्ष-दीड वर्षाने येतो. पुरुषाचा वाढलेला स्तन कापून काढण्याचे वर्णन सातव्या शतकातील ग्रीक वैद्य एजिनाचा पॉल याच्या ग्रंथात आहे. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने अर्धवर्तुळाकार छेद घेण्याची पद्धत जेरोम वेबस्टर यांनी 1946 मध्ये मांडली. चरबी लायपोसक्शनने काढतात, ग्रंथी छेदातून. स्तनाग्र खचू नये म्हणून त्याच्यामागे ग्रंथीचा पातळ थर राखतात. मोठ्या वजनघटीनंतर एवढ्याने बहुधा भागत नाही. कातडी कापून स्तनाग्र वर न्यावे लागते, छातीवर लांब व्रण राहतात आणि स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. हे सारे ऑपरेशनपूर्वी, शक्य तर इतर रुग्णांची छायाचित्रे दाखवून, स्पष्ट सांगितले जावे असा आग्रह धरावा. काढलेले ऊतक पॅथॉलॉजी तपासणीला पाठवतात आणि पुढचे काही आठवडे छातीवर दाब देणारे जाकीट घालावे लागते.