कॉलबॉय, कॉफीची वडी आणि कॅप्सूल

१९२२ सालचं एक इटालियन पोस्टर आहे. लिओनेत्तो कापिएल्लो नावाच्या चित्रकारानं 'व्हिक्टोरिया आर्दुइनो' या कॉफी यंत्राच्या जाहिरातीसाठी काढलेलं. धावत्या आगगाडीतून एक माणूस बाहेर झुकलाय आणि यंत्राच्या तोटीखाली कप धरून कॉफी भरून घेतोय. भुसावळच्या माणसाला हे चित्र दाखवा, तो म्हणेल, "यात विशेष काय? आमच्याकडं गाडी सुटली की चहावालाच पळतो खिडकीबरोबर. गिऱ्हाइकाला झुकायची गरजच काय?"

गंमत सोडली तरी त्या चित्रात एक खरी गोष्ट आहे. एस्प्रेसोचं यंत्र आणि रेल्वेचं इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडं. बॉयलर, वाफ, दाब, झडप, सगळं तेच. १८८४ साली तुरीन शहरात आंजेलो मोरिओन्दोनं वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, पण त्याचं यंत्र घाऊक कॉफी करायचं. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझ्झेरानं त्यात सुधारणा केली. त्यानं दांड्याला एक छोटी गाळणी लावली, एका कपापुरती पूड तीत दाबायची आणि गिऱ्हाइकाच्या समोर त्याचा तो कप काढून द्यायचा. किटलीभर करून ठेवलेली कॉफी नव्हे, 'तुमचा' कप. आज बाजारात कॅप्सूलचं म्हणून जे मशीन मिळतं त्याची मूळ कल्पना ही एवढीच. बाकी शंभर वर्षांत तिच्यावर पॅकिंग चढलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सध्या आमच्या घरात चाललेली चर्चा. पुण्याला नोकरी करणाऱ्या धाकट्या बहिणीच्या मनात आहे की आईबाबांसाठी भुसावळला एक कॅप्सूलवालं कॉफी मशीन पाठवावं. तिच्या ऑफिसात आहे तसलं. कॅप्सूल टाका, बटण दाबा, अर्ध्या मिनिटात कॉफी. "आईनं आयुष्यभर गॅसपुढं उभं राहायचं का?" हा तिचा प्रश्न. प्रश्न बिनतोड आहे. त्याचं उत्तर मशीन आहे का, हे मात्र पाहायला हवं. आणि मला सवय अशी की कुठल्याही वस्तूची किंमत विचारण्याआधी ती आली कुठून हे विचारावंसं वाटतं.

भुसावळपासूनच सुरुवात करू. हे गाव मोठं केलं ते रेल्वेनं. जी.आय.पी. रेल्वेचा एक फाटा इथून नागपूरकडं गेला, तो १८६७ साली नागपूरला पोचला. दुसरा खंडवा-इटारसीवरून जबलपूरकडं गेला आणि १८७० साली तिथं ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाला. मुंबई-कलकत्ता प्रवास सलग रेल्वेनं होऊ लागला तो तेव्हापासून. दोन फाटे फुटतात तिथं इंजिनं बदलतात, माणसं बदलतात आणि गाव चोवीस तास जागं राहतं. लोकोशेड, यार्ड, रनिंग रूम, रेल्वे क्वार्टर्सच्या ओळी. दिवस-रात्र हा भेद इथं घड्याळापुरता.

आणि कॉलबॉय! नव्या पिढीला हा शब्द सांगून कळणार नाही. मोबाइल नव्हते तेव्हा ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांना ड्यूटीवर बोलवायला रेल्वेचा माणूस सायकलीवरून घरी यायचा. रात्री दोन वाजता दारावर थाप, वहीवर सही, आणि घरात दिवा लागायचा. ज्याचा कॉल असेल तो उठायचाच. पण त्याच्या आधी उठायची ती त्याची बायको. स्टोव्ह पेटवणं, चहा किंवा कॉफी टाकणं, लाइनबॉक्समध्ये डबा भरून देणं. वहीवर सही नवऱ्याची असायची, झोप मात्र दोघांची मोडायची. रेल्वे त्याला भत्ता द्यायची. तिचा भत्ता कुठल्या वहीत होता?

बाबा रनिंग स्टाफमध्ये होते, त्यामुळं हे मी लिहितोय ते ऐकीव नाही.

तर, या दोन वाजताच्या कपात काय असायचं? बहुतेक घरांत चहाच. पण चहाही आपल्याकडं काही सनातन नाही बरं का. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढं गिरण्या, कारखाने, खाणी आणि रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणी पद्धतशीर चहा पाजून लोकांना सवय लावण्यात आली. म्हणजे ज्याला आपण 'आपला चहा' म्हणतो तो जाहिरातीनंच घरात आला, आणि तोही बराचसा रेल्वेच्या वाटेनं. आज कॅप्सूलच्या जाहिराती बघून नाक मुरडणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) एवढं लक्षात ठेवावं.

कॉफीची गोष्ट निराळी. मराठी घरात कॉफी हा पाहुण्यांचा, उपासाचा आणि आजारपणाचा पदार्थ. दुधात उकळलेली, साखर सढळ, वर जायफळ किसून. मुंबईत १८८८ साली पेस्तनजी एदलजी या पारशी गृहस्थांनी कॉफी भाजून दळून विकायचा धंदा सुरू केला, तोच पुढं 'पोल्सन' या नावानं गाजला. लोकांना लोणी आठवतं, पण आधी कॉफी होती, चिकोरी मिसळलेली 'फ्रेंच कॉफी'. १९३० च्या दशकातल्या मंदीत दक्षिणेतल्या मळेवाल्यांची कॉफी पडून राहिली, तेव्हा १९३५ साली कॉफी सेस कमिटी आली आणि १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डानं ती दुकानं बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. त्यातल्याच एका मोठ्या संस्थेचं ठाणं जबलपूरला, म्हणजे आमच्या एका फाट्याच्या त्या टोकाला. ड्यूटीवरून परतलेली माणसं तिथल्या कॉफीचं कौतुक घरी सांगायची. रेल्वे कॉलनीतल्या तमिळ, तेलुगू घरांत तर पितळेचे फिल्टर होतेच. सकाळी त्या ओळीतून जाताना वासावरून घर ओळखता यायचं.

आणि मग कॉफीच्या वड्या. साखर आणि कॉफीची पूड दाबून केलेल्या छोट्या चौकोनी वड्या दुकानात मिळायच्या. पेलाभर दूध गरम करायचं, वडी टाकायची, ढवळायचं. झाली कॉफी. गाळणं नको, चमचा मोजणं नको, मुलांनाही जमायचं. जरा विचार करा, एका कपाचं माप, आधीच तयार, ज्याला त्याला स्वतः करता येईल असं. हीच कॅप्सूल की! फक्त तिला मशीन लागत नव्हतं आणि ती संपल्यावर मागं काही उरत नव्हतं. फार तर बोटाला चिकटलेली साखर.

खऱ्या कॅप्सूलचा जन्म स्वित्झर्लंडचा. नेस्ले कंपनीनं १९३८ साली नेसकॅफे बाजारात आणली होती, ब्राझीलमध्ये साठून राहिलेल्या कॉफीचं करायचं काय या प्रश्नातून. त्याच कंपनीतल्या एरिक फाव्र या इंजिनिअरनं रोममधल्या कॉफीवाल्यांचं काम बारकाईनं पाहिलं आणि १९७६ साली कॅप्सूलचं पेटंट निघालं. ॲल्युमिनियमच्या टोपीत पाचसहा ग्रॅम पूड हवाबंद, मशीन तिला भोकं पाडून दाबाखाली गरम पाणी सोडणार. १९८६ साली नेस्प्रेसो कंपनी उभी राहिली. तिनं आधी गिऱ्हाईक शोधलं ते ऑफिसांत, आणि ते फारसं जमलं नाही. १९८८ नंतर रोख घरांकडं वळला आणि धंदा फळफळला. अमेरिकेत जॉन सिल्व्हन यांच्या क्युरिगचंही तसंच. १९९८ मध्ये पहिलं मशीन आलं ते ऑफिसासाठी, घरात शिरलं ते नंतर.

माझ्या मते सगळी मेख इथं आहे. ऑफिसात कॉफी करणं हे कुणाचंच काम नसतं, म्हणून तिथं मशीन शोभतं. घरात ते काम आधीपासून कुणाचं तरी असतं. आणि त्या कामाला किंमत नसते, म्हणून मशीन महाग वाटतं.

आता हिशोब करू. कॅप्सूल समजा ४० रुपयांना पडते आणि तिच्यात ५ ग्रॅम पूड आहे. म्हणजे किलोला २०० कॅप्सूल, कॉफीचा भाव किलोला ८,००० रुपये! दुकानातली फिल्टर कॉफीची पूड समजा १,००० रुपये किलो धरली आणि कपाला सढळ हातानं १० ग्रॅम वापरली तरी १० रुपयांत भागतं. दोन माणसं, दिवसाला चार कप. कॅप्सूलचे वर्षाला ५८,४०० रुपये, पुडीचे १४,६००. फरक ४३,८०० रुपये. मशीनची किंमत या हिशोबात धरलेलीच नाही. दाढीचा दांडा स्वस्त आणि पाती महाग, त्यातलाच प्रकार. मशीन एकदा घ्यायचं असतं, कॅप्सूल कायमच्या.

पण बहिणीचं म्हणणं आहे की आईच्या वेळेची किंमत धर. धरतो. रोजची अर्धा तास मेहनत वाचत असेल तर वर्षाचे १८२ तास होतात. ४३,८०० भागिले १८२, तासाला २४० रुपये. आईच्या तासाला २४० रुपये जास्त आहेत असं मी म्हणणार नाही. कॉलबॉयच्या वहीतली ती जुनी थकबाकी धरली तर कमीच.

पण वाचतो का तो अर्धा तास? मशीन देतं काय तर चाळीसेक मिलिलिटर काळी कॉफी. आमच्याकडं काळी कॉफी कोण पितं? म्हणजे दूध तापवायचं, ते उतू जाऊ नये म्हणून समोर उभं राहायचं, पातेलं घासायचं, हे सगळं आहे तिथंच आहे. मशीननं काम घेतलं ते दोन मिनिटांचं, आणि मुळात जे सोपं होतं तेच. शिवाय बोअरच्या जड पाण्यानं आत क्षार बसणार, ते वेळोवेळी काढायचे. मशीन पाणी तापवताना हजार-बाराशे वॉट किंवा त्याहून जास्त खेचतं, वीज गेली की घरातल्या साध्या इन्व्हर्टरचं ते काम नाही. आणि बिघडलं तर दुरुस्तीला पाठवायचं कुठं, हा निमशहरी माणसाचा कायमचा प्रश्न आहेच.

उरला कचरा. एका कॅप्सूलमध्ये साधारण ग्रॅमभर ॲल्युमिनियम. वर्षाच्या १,४६० कॅप्सूल म्हणजे दीड किलो. भंगारवाला ॲल्युमिनियम आनंदानं घेईल, पण आत ओला चोथा भरलेली टोपी तो घेणार नाही. ती कापायची, चोथा काढायचा, धुवायची... कुणी? पुन्हा तीच. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरानं २०१६ साली सरकारी पैशातून कॅप्सूल घेणं बंद केलं. खुद्द सिल्व्हन यांनी २०१५ साली एका मुलाखतीत सांगितलं की आपण हे काढलं याची कधीकधी खंत वाटते. ज्यानं शोध लावला त्याच्या घरी ते मशीन नव्हतं, ही गोष्ट मला तरी बोलकी वाटते.

याचा अर्थ मशीन कुणीच घेऊ नये असं नाही. एकटा राहणारा, काळी कॉफी पिणारा, अवेळी ड्यूटी करणारा माणूस असेल, दिवसाला एखादाच कप लागत असेल, तर त्यानं खुशाल घ्यावं. दुसऱ्या कुणाला न उठवता आपला कप आपण करून घेता येणं ही लहान गोष्ट नाही. रेल्वेच्या गावात तर नाहीच. बेझ्झेराच्या एका कपाच्या कल्पनेतलं मोठेपण हेच आहे. दूध-कॉफी पिणाऱ्या आमच्यासारख्या चारचौघांच्या घरात मात्र त्याचा उपयोग ओट्यावरची जागा अडवण्यापुरता.

म्हणून बहिणीला मी कळवलंय की मशीन नको. स्टीलचा एक चांगला फिल्टर घे, मोठ्या मापाचा. रात्री झोपताना त्यात पूड आणि उकळतं पाणी घालायचं, सकाळपर्यंत डिकॉक्शन तयार. फ्रिजमध्ये ठेवलं तर दिवसभर पुरतं. ज्याला प्यायची असेल त्यानं आपलं दूध आपण तापवावं आणि आपलं पातेलं आपण विसळावं. हे काम बाबांना जमतं. चाळीस वर्षं इंजिन चालवलेल्या माणसाला गॅसची शेगडी अवघड नाही.

बहीण म्हणाली, "बाबा करतील?"

मशीन विकत घ्यायचं की नाही, हा प्रश्न सोपा होता. खरा प्रश्न तिनं आत्ता विचारला.