क्लचचें तेल : एक लहानसा इतिहास

हिंगोली, वसमत, कळमनुरी या आपल्या भागांत मोटारसायकल आतां घरोघरीं आहे. तिच्या डाव्या मुठीची लिव्हर दाबली कीं एंजिन व मागील चाक यांचा संबंध क्षणभर तुटतो आणि गिअर बदलतां येतो. या योजनेस क्लच म्हणतात. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत हें काम क्लच-वायर करते. कांहीं मोठ्या गाड्यांत मात्र वायरऐवजीं नळींत कोंडलेलें तेल असतें; आणि डिस्क ब्रेकमध्यें तर लहान गाड्यांतही तेंच असतें. या तेलाची हकीकत आज सांगावयाची आहे, कारण तिच्यांतच त्याच्या निगेचा नियम आहे.

या विद्येचें मूळ तत्त्व फ्रान्समधील पास्कल यानें मांडलें. त्याचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हें त्याचें सार. म्हणून दुसरा दट्ट्या १० पट क्षेत्राचा केला, तर बळही १० पट मिळतें. मात्र तो सरकतो एकदशांशच. १७९५ सालीं इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें याच तत्त्वावर दाबयंत्राचें पेटंट घेतलें. त्यास अडचण आली ती गळतीची. ती मॉडस्ले या कारागिरानें, दाब वाढेल तशी घट्ट बसणारी चामड्याची वळी घालून दूर केली.

पुढें अमेरिकेंत माल्कम लॉकहीड यानें हा दाब मोटारीच्या ब्रेकांस लाविला, व १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांस तसे ब्रेक बसले. त्या काळच्या तेलांत आपल्या ओळखीचें एरंडेल असे! खनिज तेलानें नैसर्गिक रबर फुगून बिघडतें, एरंडेलानें तसें होत नाहीं. आणि तें पातळ करण्यास त्यांत मद्यार्क मिसळीत. परंतु मद्यार्क लवकर उकळतो. म्हणून पुढें ग्लायकोलजातीचीं तेलें आलीं. १९६९ सालीं होंडाच्या सीबी ७५० या गाडीस पुढें तेलाचा डिस्क ब्रेक मिळाला, व १९८० नंतरच्या दशकांत अनेक मोठ्या गाड्यांच्या क्लचमध्येंही तेल आलें.

या नव्या तेलाचा दोष असा कीं, तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ प्रतीचें नवें तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. पण त्यांत सुमारें पावणेचार टक्के पाणी मुरलें कीं ही हमी १५५ अंशांवर उतरते. तेल उकळलें कीं वाफ होते; आणि द्रव जवळजवळ दबत नाहीं, पण वाफ व हवा दबतात. मग लिव्हर पोकळ लागते, क्लच पुरता सुटत नाहीं, गिअर कुरकुरतो. आणि हेंच ब्रेकमध्यें झालें तर जीवावरच बेततें. हळदीच्या हंगामाची वाट पाहत पावसाळाभर ओसरींत उभी असलेली गाडीही हें पाणी पीतच असते. म्हणून किती किलोमीटर झाले हें न पाहतां, साधारण दोन वर्षांनीं तेल बदलावें.

बदलण्याची रीत सोपी, पण शिस्तीची आहे. प्रथम टाकीच्या झांकणावरील अक्षरें वाचावीं. कांहीं गाड्यांच्या क्लचमध्यें खनिज तेलच लागतें, आणि एकाच्या जागीं दुसरें घातल्यास रबर नासतें. मग खालच्या निपलास पारदर्शक नळी लावून तिचें टोंक बाटलींतील तेलांत बुडवावें. लिव्हर दाबून धरावी, निपल किंचित् सैल करावें, तेल व बुडबुडे निघूं द्यावे, निपल आवळावें, आणि मगच लिव्हर सोडावी. हा क्रम चुकला तर हवा उलट आंत शिरते. वरची टाकी रिकामी होऊं देऊं नये. नवें, स्वच्छ तेल बुडबुड्यांवांचून येईतों हेंच करावें. रंगावर थेंब पडल्यास लगेच पाण्यानें धुवावा, आणि बरेच दिवस उघडी राहिलेली डबी पुन्हां वापरूं नये. ब्रेकचें काम मात्र जाणत्या मेस्त्रीकडूनच करवून घ्यावें.

येत्या मृगापूर्वीं आपल्या गाडीच्या टाकीची कांच एकदां पाहावी. आंतील तेल काळसर दिसलें, किंवा तें शेवटचें केव्हां बदललें हें घरांत कोणासच आठवत नसलें, तर तें बदलण्याची वेळ झालीच असें समजावें.