नागपूरचा वकील आणि अभिरूप राष्ट्रसभा

परराष्ट्रनीती हा विषय शाळेत शिकविता येतो काय, असे पालक आम्हांस विचारतात. येतो, आणि तो लुटुपुटीच्या सभेतून उत्तम शिकविता येतो, असे आमचे मत आहे. विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या राष्ट्रांचे प्रतिनिधी व्हावे, एखाद्या प्रश्नावर वाद करावा व अखेर ठराव लिहावा, ही पद्धती नवी नव्हे. १९२० साली राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि त्याच दशकात अमेरिकेतील महाविद्यालयांत अभिरूप राष्ट्रसंघ भरू लागले. पुढे त्यांची जागा अभिरूप संयुक्त राष्ट्रसभांनी घेतली. हॉलंडातील हेग येथे १९६८ पासून माध्यमिक शाळांच्या मुलांची अशी सभा भरत आली. आपल्या देशात याच जातीचा उपक्रम म्हणजे युवा संसद. १९६२ साली मुंबईस झालेल्या प्रतोदांच्या अखिल भारतीय परिषदेने तिची शिफारस केली व १९६६-६७ पासून दिल्लीच्या शाळांत ती सुरू झाली.

तथापि संसदेत मते मोजली की प्रश्न मिटतो. दोन दरबारांमध्ये बहुमत चालत नाही. ज्याच्याशी पटले नाही त्याच्या शेजारीच उद्या राहावयाचे असते. अलीकडे मोठ्या शहरांतील शाळांत अशा राष्ट्रसभा इंग्रजीतून थाटाने होतात. मुले सफाईने बोलतात. परंतु उत्तम वक्त्यास बक्षीस देण्याची त्यांची रीत आम्हांस खटकते. (आपल्या मंडळाच्या वक्तृत्वस्पर्धेविषयी आम्ही येथे मौन पाळतो.) वकिलाचे यश टाळ्यांत नसून तहाच्या कलमांत असते.

निवृत्तीनंतर हुडकेश्वर येथे माध्यमिक शाळांतील काही मुले आम्ही सुटीत जमविली. त्यांस दूरची राष्ट्रे दिली नाहीत. नागपूरच्याच इतिहासात विषय पडून आहे.

जानेवारी १७७९ च्या वडगावच्या तहानंतर नाना फडणिसांनी इंग्रजांविरुद्ध पेशवे, निजाम, हैदर व नागपूरकर भोसले अशी चौघांची जूट बांधली. भोसल्यांनी बंगालवर जावे असे ठरले. मुधोजींनी पुत्र चिमणाजीबापूंस तीस हजार फौजेनिशी धाडले. पण फौज रेंगाळत १७८० च्या उन्हाळ्यात कटकास पोचली व तेथेच राहिली. कलकत्त्यास भोसल्यांचे वकील बेनीरामपंत हेस्टिंग्जच्या संपर्कात होते. १७८१ साली तेरा लक्ष रुपये रोख व दहा लक्ष कर्ज यांवर भोसले जुटीतून सुटले, आणि इंग्रजांची पलटणे ओरिसातून मद्रासेकडे निर्वेध गेली.

क्रमिक पुस्तक यास एका वाक्यात दगा म्हणून पुढे सरकते. आम्ही प्रत्येक वकिलास त्याच्या दरबाराचे बंद पत्र दिले. दुसऱ्याच्या पत्रात काय आहे, हे कोणास ठाऊक नव्हते. पहिली घटका नुसत्या आरडाओरडीत गेली. हैदराचा वकील सर्वांत संतप्त होता, आणि ते रास्तच. त्याचा धनी जुलै १७८० मध्ये कर्नाटकात उतरून बसलेला. मग दिवाण दिवाकरपंत चोरघडे झालेल्या मुलाने आपले पत्र काढले. १७५१ च्या करारान्वये बंगालची बारा लक्षांची चौथाई ठरलेली, ती कंपनी देत नाही. कटकास फौजेचा पगार तुंबलेला. शिवाय नागपूरच्या गादीच्या भांडणात पुण्याने पूर्वी साबाजींची बाजू घेतलेली. "फौजेचा पगार पुणे देणार काय?" एवढेच त्याने विचारले. पुण्याचा वकील गप्प झाला. त्याच्या पत्रात पैशाचा उल्लेखच नव्हता.

पुढे त्याने १८०३ च्या देवगावच्या तहाचा दाखला दिला, की त्याच इंग्रजांनी शेवटी भोसल्यांचे कटक घेतले. अध्यक्षीण बाईंनी, म्हणजे नववीतल्या एका मुलीने, तो दाखला फेटाळला. १७८१ साली बसलेल्या सभेस १८०३ कोठून दिसणार? मग पुणे व नागपूर यांनी कोपऱ्यात जाऊन बोलणे केले. पाच महिन्यांचा पगार पुण्याने द्यावा, भोसल्यांनी कटकाचा रस्ता अडवावा, चौथाईचे बोलणे दोघांनी मिळून करावे, अशी तीन कलमे लिहिली गेली. सह्या तिघांच्या झाल्या. निजामाने केली नाही. खरा निजामही त्या सुमारास स्वस्थच बसला होता.