बीदरच्या वजिराची मोहोर

गेल्या वैशाखात माझा भाचा आपल्या पाच मित्रमैत्रिणींना घेऊन पुण्याहून कलबुर्गीस आमच्या घरी आला. येथील ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांस हे सांगावयास नकोच की, सकाळी दहानंतर घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती. तेव्हा ही सहा मुले माजघरात जाजम अंथरून एक खेळ मांडून बसत. एक नकाशा, काही कागद, पेन्सिली आणि वीस पैलूंचा एक चमत्कारिक फासा, एवढेच साहित्य. भाचा सूत्रधार, तो प्रसंग सांगे. उरलेली पाच जण आपापले पात्र होऊन 'मी आता असे करतो' म्हणत, फासा टाकीत, आणि पडेल त्या दानाप्रमाणे कथा पुढे सरके. सोंगट्यांचा डाव आणि कीर्तनातले आख्यान ह्यांची गाठ घालावी तसा तो प्रकार मला वाटला.

आख्यानाचा विषय मात्र चोरीचा होता. एका नगराच्या पोटात दडलेले भांडार फोडावयाचे, आणि त्यासाठी भिंती किती उंच, पहारे किती, कुलपे कोणत्या घडणीची, ह्याचा खल दोन दुपारी चालला होता. माझ्यातला वकील स्वस्थ बसेना. मी म्हटले, 'मुलांनो, धाक दाखवून चौघांनी लुबाडले तर कायदा त्याला जबरी चोरी म्हणतो. पाचवा गडी मिळाला की तोच दरोडा होतो. आणि दरोड्याची गंमत अशी की, तो घालण्याची नुसती तयारी करणेही शिक्षेस पात्र आहे. तुम्ही काल दुपारपासून गुन्हेगार आहात!' मुले हसली. पण भाच्याने उलट प्रश्न टाकला: 'मामा, राज्यकर्त्यानेच प्रजेचा पैसा खाऊन तळघरात लपविला असेल, आणि आम्ही तो प्रजेला परत देण्यासाठी काढला, तर ती चोरी होते का?'

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. चोरीच्या व्याख्येत मालकीपेक्षा ताब्याला महत्त्व आहे. चोराच्या ताब्यातूनही चोरी होऊ शकते. परंतु घेणाऱ्याचा हेतू अप्रामाणिक असावा लागतो, आणि सगळा वाद त्या एका शब्दापाशी येऊन थांबतो. पुढे मला कळले की, हा प्रसंग भाच्याच्या कल्पनेतला नव्हता. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच खेळासाठी २०१८ साली 'वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट' नावाचे एक साहसाख्यान निघाले. वॉटरडीप नगराच्या माजी अधिपतीने पाच लक्ष सुवर्णनाणी हडप करून दडविली आहेत, अशी त्याची कल्पना. (नावात दरोडा असला तरी त्यात फोडाफोडीपेक्षा शोधाशोधच अधिक, हे मी वाचल्यावर माझे मत.) २०२३ मध्ये तर नुसत्या चोऱ्यांचीच तेरा आख्याने असलेले पुस्तक आले.

ह्यात पाश्चात्यांचे नवल आहे असे मात्र समजू नये. 'मृच्छकटिका'च्या तिसऱ्या अंकातला शर्विलक चारुदत्ताच्या भिंतीला भोक पाडतो, तेव्हा कोणत्या विटांच्या भिंतीला कोणत्या आकाराचे भगदाड शोभेल ह्याचा शास्त्रशुद्ध विचार करतो, आणि मोजपट्टी विसरली म्हणून गळ्यातल्या जानव्याने माप घेतो. देवलांच्या नाटकामुळे हा चोर मराठी प्रेक्षकाच्या ओळखीचा झाला. मी मुलांना शर्विलक सांगितला. त्यांना तो फार आवडला. मग मी म्हटले, 'आता आपल्या ह्याच मुलखातली एक चोरी ऐका. तीत एकही भिंत फोडली गेली नाही, एक कवडीही हलली नाही, आणि तरी तिच्यापायी एक राज्य बुडाले.'

कलबुर्गी ही बहमनी राज्याची पहिली राजधानी. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने ती बीदरला, जुन्या मराठीतल्या बेदरला, नेली. त्या बीदरला इराणच्या गिलान प्रांतातला महमूद गवान हा व्यापारी १४५३ च्या सुमारास आला. तो उतरला दाभोळच्या बंदरात, आणि घाट चढून वर गेला तो परत फिरला नाही. पुढे तो वजीर झाला. गोमंतकातल्या वाचकांस हा माणूस निराळ्या अंगाने ठाऊक असेल. १४६९ ते १४७२ ह्या वर्षांत त्याने कोकणावर मोहीम काढून खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेतला, आणि शेवटी विजयनगरच्या ताब्यातला गोवा जिंकला. तेव्हा तो आपल्या पूर्वजांचा कोणी कैवारी होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्याने राज्यकारभाराची जी घडी बसविली ती पाहून आजचा महसुली अधिकारीही मान डोलावील. जमिनीची मोजणी करविली. चार तरफांचे आठ तुकडे केले. आणि प्रत्येक तरफदाराकडे एकेकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले सुलतानाने नेमलेल्या किल्लेदारांच्या हाती दिले. ज्यांच्या हातून किल्ले आणि मुलूख गेला, ते दक्खनी सरदार त्याच्या वाईटावर असणार हे ओघानेच आले. त्यांचा म्होरक्या मलिक हसन. हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याच्या घराण्यातला, लहानपणी विजयनगरच्या मुलखात कैद होऊन बाटविला गेलेला, असे सांगतात. अहमदनगरची निजामशाही पुढे त्याच्याच मुलाने स्थापिली.

गवानाच्या घरी फोडण्यासारखे भांडार नव्हते. त्याच्यापाशी मोलाची वस्तू एकच, ती म्हणजे त्याची मोहोर. विजापूरच्या दरबारी राहून लिहिणाऱ्या फिरिश्ताने हकीकत दिली आहे. ती मोहोर सांभाळणाऱ्या हबशी सेवकाशी कटवाल्यांनी मैत्री जोडली, भेटी दिल्या, एके दिवशी त्याला भरपूर मद्य पाजले, आणि घडी घातलेला एक कागद पुढे करून, हा आमच्या एका मित्राचा हिशेबाचा कागद आहे, ह्यावर वजिराचा शिक्का राहिला आहे, असे सांगितले. नशेत असलेल्या त्या माणसाने कागद उलगडून पाहिलाही नाही. कागद कोरा होता.

फौजदारी वकिलीत मी अनेक बनावट दस्त हाताळले आहेत. बनावट दस्तात सही खोटी, शिक्का खोटा, साक्षीदार खोटा, असे काहीतरी असतेच, आणि तेथेच बोट ठेवून उलटतपासणी करावयाची असते. ह्या कागदावरचा शिक्का खरा होता! त्यावर कटवाल्यांनी मजकूर लिहिला तो ओरिसाच्या राजाला उद्देशून: सुलतान दारूच्या आहारी गेला आहे, तुम्ही स्वारी करा, राज्य आपण वाटून घेऊ. आणि कागद सुलतानापुढे ठेवला.

सुलतान मुहम्मदशहा तिसरा हा तेव्हा ऐन तारुण्यात होता. नऊ-दहा वर्षांचा असताना तो गादीवर आला, आणि गवानाच्या देखरेखीखालीच वाढला. १४८१ च्या मार्चात तो आंध्रातल्या कोंडपल्लीच्या तळावरून निवडक घोडदळ घेऊन दौडत कांचीला गेला, आणि तेथील देवालयांची लूट करून परतला. त्या मंदिरांच्या सोन्यारत्नांचे वर्णन फिरिश्ताने मोठ्या चवीने केले आहे. ती लूट उघड्या दिवसा, राजाज्ञेने, सैन्य घेऊन झाली. म्हणून तिला कोणी चोरी म्हटले नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत कोंडपल्लीला हा कागद त्याच्या हाती पडला. त्याने गवानाला बोलावणे धाडले. मित्रांनी वृद्ध वजिराला सांगितले की, जाऊ नका, घोडे तयार आहेत, गुजरातेत निघून जा. तो गेला दरबारात. सुलतानाने विचारले, 'धन्याशी द्रोह करणाऱ्यास काय शिक्षा?' तो म्हणाला, 'तलवार.' तेव्हा कागद दाखविण्यात आला. गवानाचे उत्तर एवढेच की, मोहोर माझी आहे, पत्र माझे नाही.

ह्या एका वाक्यात संपूर्ण बचाव आहे. ह्याहून अधिक काही कोणत्याही नामांकित वकिलाला सांगता आले नसते. परंतु ते ऐकून घेणारे न्यायासन तेथे नव्हते. सुलतानाने जौहर नावाच्या गुलामाला खूण केली आणि तो उठून आत गेला. ५ एप्रिल १४८१ हा तो दिवस.

पुढचा भाग मला मृत्यूहूनही विलक्षण वाटतो. एवढ्या मोठ्या वजिराची अपार संपत्ती मिळेल म्हणून सुलतानाने त्याच्या खजिनदाराला दटावून विचारले. खजिनदाराने दोन हिशेब पुढे केले: एक राजाच्या नावचा, त्यातून सैन्याचा आणि कारभाराचा खर्च, दुसरा स्वतःचा, त्यातून दानधर्म. शिल्लक जवळजवळ नाहीच. आणि मग त्या सामान्य खजिनदाराने, जीव मुठीत धरून, असा प्रश्न केला की, हे पत्र ओरिसाला घेऊन जाणारा जासूद कोठे आहे? तो आणून आम्हांस दाखवावा. कटवाल्यांना तो दाखविता आला नाही, जासूद नव्हताच. पहिल्याच क्षणी विचारावयाचा प्रश्न शिरच्छेदानंतर विचारला गेला. सुलतान पुरते वर्षही जगला नाही. १४८२ च्या मार्चात, गवान मला मारतो आहे असे ओरडत तो मेला, असे इतिहासकार लिहितात. मलिक हसनही काही वर्षांतच बीदरमध्ये मारला गेला. आणि राज्याच्या पाच चिरफळ्या झाल्या.

मुले गप्प होती. मग एका मुलीने मला दुसऱ्या एका खेळाविषयी सांगितले. जॉन हार्परचा 'ब्लेड्स इन द डार्क', प्रकाशन २०१७. त्यात आधी तासन्‌तास बेत आखत बसावयाचे नाही. थेट कामगिरीत उडी घ्यावयाची, आणि अडचण आली की खेळाडूने म्हणावयाचे, 'ह्याची तजवीज मी कालच करून ठेवली होती.' मग ते कालचे दृश्य मागाहून खेळून दाखवावयाचे. गवानापाशी अशी कालची तजवीज नव्हती, असे ती म्हणाली. मला ह्या बोलण्याचे कौतुक वाटले. कारण बीदरच्या दरबाराविषयी ज्या दोन कथा मराठी मुलखात घरोघर सांगितल्या जातात, त्या नेमक्या अशा तजविजीच्याच आहेत.

पहिली दामाजीपंतांची. महिपतीने 'भक्तविजया'त ती गायिली, तो ग्रंथ १७६२ चा. कथा त्याहून पुष्कळ जुनी. मंगळवेढ्याचा हा कमाविसदार घोर दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांना मोकळी करतो. हाताखालचा अधिकारी बेदरला कळवितो. दामाजीला पकडून नेतात. आणि तो वाटेत असतानाच एक विठू महार बेदरच्या दरबारात जाऊन, लहानशा थैलीतून मोहरा ओतून, सर्व धान्याचे मोल चुकते करतो आणि पावती घेतो. ती पावती दामाजीला आपल्या पोथीत सापडते. भक्ताला येथे देव दिसतो, आणि तो दिसावा. मला मात्र व्यवसायदोषाने पावतीही दिसते. कायद्याच्या चष्म्यातून पाहिले तर दामाजीचे कृत्य सरळसरळ लोकसेवकाने केलेला न्यासभंग आहे: जुन्या दंड संहितेचे कलम ४०९, आणि १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे ३१६ (५). मागाहून रक्कम भरल्याने गुन्हा धुऊन निघत नाही, असे आम्ही न्यायालयात रोज ऐकतो. तरीही आमच्या संतपरंपरेने देवाला नुसता चमत्कार करू दिला नाही. त्याला बादशहाच्या कचेरीत उभे केले, पैसे मोजावयास लावले, आणि शिक्क्याची पावती घ्यावयास लावली.

दुसरी कथा अमृतनाकाची. महार समाजाच्या बावन्न हक्कांची सनद बेदरच्या बादशहाने दिली, ती ह्याला, अशी परंपरा आहे. हरवलेल्या बेगमेला सोडवून आणण्यास निघण्यापूर्वी त्याने एक मोहोरबंद डबी बादशहाच्या स्वाधीन केली. तो तिला घेऊन परतला तेव्हा लोकांनी संशय घेतला. डबी उघडली, तेव्हा कळले की त्याने निघण्याआधीच आपल्या पुरुषत्वाचा त्याग केला होता. ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तोच असा पुरावा आधी करून ठेवतो. गवानाला तशी गरज कधी वाटली नसावी. वजिरांना ती वाटत नाही.

शेवटच्या दिवशी पहाटेच निघून आम्ही बीदरला गेलो. किल्ल्याच्या तिहेरी खंदकापाशी मुलांनी अपेक्षेप्रमाणे भिंतींची उंची मोजली. मग गवानाची मदरसा पाहिली, १४७२ ची. तीन हजार ग्रंथ तेथे होते म्हणतात. १६९६ मध्ये दारूगोळ्याच्या स्फोटाने दर्शनी भाग उडाला. एक मिनार उभा आहे, आणि त्यावर निळ्या-पांढऱ्या काचकामाचे तुकडे अजून चिकटलेले आहेत.

त्या रात्री भाच्याने आपल्या खेळात बदल केला. भांडाराची किल्ली त्याने एका पहारेकऱ्याच्या कमरेला लावली. साधा, एकलकोंडा, मैत्रीला भुकेला माणूस. त्याला मद्य पाजले की काम फत्ते, फासा टाकण्याचीही गरज नाही. पाचांपैकी तिघे तयार झाले. जिने 'ब्लेड्स'ची गोष्ट सांगितली होती ती मुलगी तयार होईना. 'उद्या सकाळी त्या माणसाचे काय होईल ते आधी सांग,' असे ती सूत्रधाराला म्हणत राहिली. भाच्याजवळ उत्तर तयार नव्हते. रात्री साडेअकराला मी दिवे मालवावयास गेलो तेव्हा वाद चालूच होता, आणि भांडार अजून बंद होते.