लिलावाची चौथाई

चौथाई म्हटली की मराठी माणसाला मोगलाई मुलूख आणि मराठ्यांचे घोडदळ आठवते. मला मात्र आठवते ते तालुक्याच्या कोर्टाचे आवार, नाझरांचे डगमगते टेबल आणि बेलिफाची "एक वार, दोन वार" ही ललकारी. कोर्टाच्या लिलावात ज्याची बोली शेवटची ठरते, त्याने किमतीचा चौथा हिस्सा तेथल्या तेथे मोजायचा आणि उरलेले तीन हिस्से लिलावापासून पंधरा दिवसांच्या आत कोर्टात भरायचे, असा १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा दंडक आहे. चौथाई दिली नाही तर मिळकत त्याच क्षणी पुन्हा लिलावात निघते. बाकी रक्कम थकली तरी फेरलिलाव ठरलेला. त्यात किंमत कमी आली तर तेवढी तूट पहिल्या बोलीवाल्याच्या माथी! वाचकांना हा नियम रुक्ष वाटेल. मलाही एके काळी तो निर्दय वाटला होता. त्याचीच ही हकिकत.

गोष्ट १९७३ सालची. १९७२ च्या दुष्काळाने भल्याभल्यांची पत बुडवली होती. बाजारपेठेतल्या एका दुकानदारावर हुकूमनामा झाला, दरखास्त लागली, जप्ती आली आणि राहत्या घराच्या लिलावाची दवंडी पिटली गेली. बोली बोलणाऱ्यांत माझे एक पक्षकार होते. व्यवसायाने शिंपी, उमर भाड्याच्या खोलीत गेलेली. त्यांची बोली ८४०० रुपयांवर थांबली आणि तीच शेवटची ठरली. कनवटीची पुरचुंडी सोडून त्यांनी २१०० रुपये नाझरांपुढे मोजले. नोटा मोजताना त्यांची बोटे कापत होती.

"वकीलसाहेब, बाकीचे कधी भरायचे?" त्यांनी विचारले.

मी सनद घेऊन जेमतेम वर्ष झाले होते. नाझरांचा अहवाल कोर्टापुढे आला दोन दिवसांनी. मी त्या दिवसापासून पंधरा दिवस मोजले. पंधरावा दिवस दिवाळीच्या सुटीत पडत होता. मुदत सुटीत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी भरणा चालतो, एवढे मला ठाऊक होते. म्हणून मी ऐटीत सांगितले, "दिवाळी घरी करा. कोर्ट उघडले की भरू."

शिंप्याने बायकोच्या पाटल्या मोडल्या, भावाकडून उसने आणले, आणि कोर्ट उघडले त्या सकाळी ६३०० रुपये घेऊन तो दारात उभा राहिला. पण दुकानदाराच्या वकिलांनी हरकत घेतली. मुदत मोजायची ती लिलावाच्या दिवसापासून, अहवालाच्या नव्हे. खरा पंधरावा दिवस सुटी लागायच्या आदल्या दिवशीच संपला होता. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा मणिलाल मोहनलाल शहा यांच्या दाव्यातला निर्णय वाचून दाखवला. मुंबई इलाख्यातूनच वर गेलेल्या त्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट म्हटले होते की, चौथाई आणि बाकी भरण्याचे नियम सक्तीचे आहेत. ते पाळले नाहीत तर विक्री सदोष नव्हे, झालीच नाही असे समजायचे. मुदत वाढवण्याचा अधिकार कोर्टालाही नाही.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. चूक माझी आणि घर जात होते त्या गरिबाचे. न्यायाधीशांनी विक्री नाही असे ठरवून फेरलिलावाचा हुकूम दिला. अनामत सरकारजमा करायची की नाही हे मात्र कायद्याने कोर्टाच्या मर्जीवर ठेवले आहे. त्यांनी लिलावाचा खर्च कापून बाकी रक्कम शिंप्याला परत दिली, एवढाच काय तो दिलासा.

त्या संध्याकाळी मी आमच्या वरिष्ठांपुढे नियमाला बरेच बोल लावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "१८७५ चे दंगे माहीत आहेत ना? मग ते कोर्टाच्या बाजूने एकदा वाचा."

मी वाचले. १८५९ च्या दिवाणी संहितेनंतर दख्खनच्या कुणब्याची जमीन हुकूमनाम्यावर विकली जाऊ लागली. गावात रोकड असे ती सावकाराकडेच. लिलावात बोली बोलणारा तोच आणि हुकूमनामा मिळवणाराही तोच. दमडी न मोजता, आपल्याच येण्यात वळती करून, तो मिळकत मनमानी किमतीला घेई. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या येण्यापायी बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा बजावून त्यांचे घर पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, पाणके, गडी, सारे दूर झाले. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात भडका उडाला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख होता तो रोख्यांच्या आणि हुकूमनाम्यांच्या कागदांवर. कागद हाती आले की ते जाळायचे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. खास गहाण नसलेली शेतकऱ्याची जमीन त्याने लिलावातून वाचवली.

आता १९०८ ची संहिता उघडून पाहा. हुकूमनामेवाल्याला कोर्टाच्या परवानगीवाचून बोली बोलता येत नाही. लिलाव करणाऱ्या अंमलदाराला तर मुळीच नाही. हातोडा पडण्यापूर्वी ऋणकोने पैसे आणले तर लिलाव थांबतो. पडल्यावरही ठराविक मुदतीत सारे देणे आणि खरेदीदाराला शेकडा पाच भरपाई दिली तर घर परत मिळते. या मालिकेतच चौथाई बसते. पोकळ बोलीने खरे गिऱ्हाईक पळवायचे, मग पैसे न भरता घर अडकवून ठेवायचे, ही युक्ती तिने मोडली. एका शिंप्याला दोन दिवसांची सवड दिली, तर उद्या धनवंतालाही ती मागता येईल, आणि तोवर दाराला कुलूप कोणाच्या?

फेरलिलावाची दवंडी पिटण्यापूर्वीच दुकानदाराच्या मुंबईतल्या भावाने पैसे पाठवले. घर राहिले.

मी शिंप्याच्या दुकानी क्षमा मागायला गेलो. पायाने मशीन चालवतच तो म्हणाला, "बसा वकीलसाहेब. घर माझं झालं नाही, खरं. पण त्या दिवाळीत त्याच्या पोरांना बाहेर काढायला मला जावं लागलं नाही, हेही बरंच झालं." पुढे चार वर्षांनी त्याने नदीकडे एक लहानसे घर घेतले, सरळ खरेदीखताने. कागद मीच केला आणि फी घेतली नाही.

आता बँकांचे लिलाव संगणकावर होतात, ललकारी ऐकू येत नाही. पण २००२ च्या कायद्याखालच्या त्या लिलावांतही पहिला भरणा शेकडा पंचवीसच. चौथाई टिकून आहे. मीही मुदतीचे दिवस बोटांवर मोजतो, आणि मोजून झाले की पुन्हा एकदा मोजतो.